‘नाही’ दाबलं तर

“मॅडम लई कडक हायत म्हणं,” शेजारच्या खुर्चीवरचा माणूस हळूच म्हणाला.

देविका टेबलाखाली वाकून वायर जोडत होती. “हो. उशिरा येणाऱ्याला बाहेर काढतात.”

ती उठून फळ्यापाशी गेली, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

तो व्यंकट, कंधारचा; नांदेडात बसस्टँडमागे त्याची खानावळ होती. रोज किती जण जेवायला येणार ते आधी कळावं, म्हणून तो मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकत होता. देविकाला तिची प्रशिक्षण संस्था दर तीन महिन्यांनी नव्या गावी शिकवायला पाठवायची. ओळखी होईपर्यंत गाव सुटायचं. दुपारी वर्ग रिकामा झाला, की संगणकांच्या रांगेत बसून ती एकटीच बिस्किटं खायची.

शेवटच्या आठवड्यात त्याचं अ‍ॅप तिनं आपल्या फोनवर तपासलं. आज येणार का? हो. नाही. तिनं ‘नाही’ दाबलं. काहीच झालं नाही.

“नाही म्हणणाऱ्याचं काय?”

“त्याचं काय असणार? आला न्हाई.”

“त्यालाही काहीतरी उत्तर द्या. नाहीतर त्याला वाटतं... आपलं कुणी ऐकलंच नाही.”

व्यंकटची नजर तिच्या टेबलावरच्या बिस्किटांच्या पुड्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो थांबला. “नवीन करून आणलंय. बघा.”

प्रश्न बदलला होता — जेवलात का? तिनं ‘नाही’ दाबलं. त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं पिशवीतून डबा काढून तिच्यापुढं ठेवला.

“सगळ्या गिऱ्हाइकांना असा डबा देणार?”

“हे एकाच फोनवर टाकलंय, मॅडम.”

तिनं भाकरी मोडली. घास मात्र हातातच राहिला.

“रविवारी मी लातूरला चाललेय. पुढचा वर्ग तिथं आहे.”

त्यानं डबा तिच्याकडं सरकवला. “अ‍ॅप तिथंबी चालंल की.”

“आणि तिथून ‘नाही’ दाबलं तर?”

“तर येतो डबा घेऊन. पण खरंच उपाशी असाल तरच दाबा. खानावळ बंद ठेवावी लागंल मला.”

“मग नाही दाबणार,” ती म्हणाली.

रविवारी दुपारी लातूरच्या खोलीत सामान लावून झालं. घरमालकीणबाईंनी वरणभात पाठवला होता. देविकानं तो पोटभर खाल्ला, ताट धुतलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाहेर मुलं एकमेकांना नावानं हाका मारत होती.

फोन वाजला. जेवलात का?

तिनं ओले हात ओढणीला पुसले — आणि ‘नाही’ दाबलं.