सातवं कलम

तो छापखान्यात शिरत होता आणि मी बाहेर पडत होते, म्हणजे धडक ठरलेलीच! माझ्या हातातली शाई त्याच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर...

"पक्षाचा सदरा होता हो," तो कळवळून म्हणाला.

"मग धुवायची घाई कशाला? आधी निवडणूक तर होऊ दे."

तो हसला — आणि मी उगाचच केस सारखे केले.

तो एका चिमुकल्या पक्षाचा चिटणीस. राष्ट्र, रक्त, माती असं सगळं मोठ्या टायपात बोलणारा पक्ष. माणसं मोजून सतरा. "त्यातले दोघे रुसलेत," हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. जाहीरनामा छापायचा होता. आमच्याकडे पद्धत अशी, की गिऱ्हाइकाने मजकूर मोठ्याने वाचायचा आणि मी प्रुफावर बोट ठेवून तपासायचं. त्याचा आवाज छान होता. काय वाचतोय याकडे माझं लक्षच नव्हतं, सातव्या कलमापर्यंत.

"बाहेरून आलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना या देशात नोकरी नको..."

मागच्या खोलीत आई छापील कागदांना घड्या घालत होती. तिचा हात थांबलेला मला ऐकू आला. एकोणिसाव्या वर्षी सीमा ओलांडून आलेली माझी आई.

मी त्याला ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "ते तुमच्याबद्दल नाही हो—"

"मग कोणाबद्दल?"

तो प्रूफ तसंच टाकून निघून गेला. तरी तो रोज येत राहिला — कधी एखादा स्वल्पविराम विचारायला, कधी तेवढंही निमित्त नसताना. मला तो आवडत होता, आणि त्याचा भयंकर रागही येत होता.

एका दुपारी तो धापा टाकत आला. "युती झाली! मोठा पक्ष दोन जागा सोडतोय. अट एकच, सातवं कलम काढायचं. काढलं! आता मी... आईंना भेटू? आपल्या लग्नाचं विचारायला?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण मी विचारलं, "बैठकीत तुम्ही काय बोललात?"

"मी... गप्प होतो."

"आणि उद्या युती मोडली तर?"

"तर... ते परत येईल."

"म्हणजे दोन जागांवर एक बायको फुकट, असंच ना? नको मला."

चार दिवस तो फिरकला नाही. दार वाजलं की मी मान वर करायचे, आणि स्वतःवरच चिडायचे. पाचव्या दिवशी प्रूफ न्यायला पक्षाचा दुसराच माणूस आला.

"चिटणीस? त्याला हाकललं. भर बैठकीत म्हणतो, कलम चूक होतं म्हणून काढलं, असं जाहीर करा. जागांसाठी नव्हे!"

संध्याकाळी तो आला. माझ्याकडे न बघता सरळ मागच्या खोलीत गेला, आईसमोर उभा राहिला.

"ते सातवं कलम मीच लिहिलं होतं."

हे मलाही ठाऊक नव्हतं.

आईने हातातली घडी पुरी केली. "लिहिताना आमच्यापैकी कुणाला ओळखत होतात?"

"नाही... कुणालाच नाही."

आईने कागदांचा एक गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. "बसा. घड्या घाला. उत्तर ती देईल."

मी लगेच हो म्हटलं नाही. त्याच्या शेजारी बसले फक्त. त्याची पहिलीच घडी वाकडी आली; ती सरळ करताना माझा हात त्याच्या हातावर पडला... आणि मी तो तिथेच राहू दिला.