काळ्या पुडीला किती पाणी

मिक्सिंगच्या खोलीचं दार मी ओढलं, आणि त्याच क्षणी पलीकडून कुणीतरी ते ढकललं... काळ्या पुडीची अख्खी पिशवी माझ्या अंगावर फुटली! डोक्याच्या रुमालापासून बुटांपर्यंत मी काळीठिक्कर.

"डोळे घरी ठेवून आलात का?" मी मास्कच्या आतून ओरडले.

"सॉरी... हलू नका!"

मला वाटलं, आता हा माफी मागत अंग झटकून देईल. कसलं काय! त्यानं खिशातून छोटा ब्रश काढला, माझ्या बाहीखाली कागद धरला आणि पूड गोळा करायला लागला.

"हे काय चाललंय?"

"वाया किती गेली ते कळायला नको का? वजन करतो."

"मग मलाच काट्यावर उभी करा की!"

त्याचा ब्रश थांबला. मास्कच्या वर दोन डोळे तेवढे दिसत होते – ते हसले. मला आणखी राग आला, कारण माझेही हसले होते आणि ते त्यानं पाहिलं होतं.

त्या दिवसापासून मी त्याचं नाव तराजू ठेवलं. सगळ्या कारखान्यानं ते उचललं.

मी तेव्हा बावीस वर्षांची. शाळा चौथीत सुटलेली, पण बॅटरीच्या प्लेटवर भरायची पेस्ट मळण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. शिशाची भुकटी, पाणी, वरून ऍसिड... मिक्सर फिरायला लागला की हातमोज्यातल्या दोन बोटांत चिमूट दाबायची आणि सांगायचं, झाली की नाही. मुकादम माझे सख्खे मामा, तेही माझ्या शब्दाबाहेर घाणा उतरवत नसत.

तराजू लॅबमधून आला होता. बॅटरी अर्धवट चार्ज राहिली की तिच्या एका प्लेटवर पांढरे खडे धरतात आणि ती लवकर मरते. पेस्टमध्ये ही काळी पूड, म्हणजे कार्बन, घातली तर खडे धरणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. मामांनी त्याला तीन घाणे दिले होते.

पहिला घाणा वाळला आणि तडकला. दुसऱ्याची पेस्ट तर प्लेटच्या शिशाच्या जाळीवरून पापुद्र्यांसारखी गळून पडली. बायका मास्कच्या आड खुसखुसल्या. मी नाही हसले. का तडकते ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं... पण मला विचारलं होतं का कुणी? न विचारता अक्कल वाटत फिरायला मी काय रस्त्यावर पडलेय?

मग मामा म्हणाले, "तिसरा बिघडला की सोमवारी लॅबची गाडी येऊन तराजूला परत नेणार."

आणि मी सोमवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजायला लागले!

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे हात धुवायला जायचो. कोपरापर्यंत साबण, वर खळखळून चूळ. शिशाच्या कामात हे चुकवून चालत नाही. त्या दिवशी बाजूच्या नळावर कुणीतरी मास्क काढला. मी पाहिलं – तराजू! महिनाभरात पहिल्यांदा अख्खा चेहरा.

तोही बघतच राहिला. "तुमच्या हनुवटीला खळी आहे..."

"आणि तुम्हाला मिशा आहेत. झालं समाधान? नळ बंद करा, पाणी वाया जातंय."

त्यानं नळ बंद केला. मग अगदी हळू म्हणाला, "एक विचारू? माझी पेस्ट का तडकते?"

विचारलं एकदाचं! पण चेहरा मी हलू दिला नाही.

"इतके दिवस वाचा बसली होती?"

"वाटलं, तुम्ही हसाल."

"हसणारच. पण सांगेनही." मी हात पुसले. "तुमची काळी पूड हावरी आहे. सगळं पाणी तीच पिऊन टाकते, भुकटीला थेंब उरत नाही. मग ती जाळीला धरणार कशी? आधी हिला वेगळी भिजवा. तिचं पोट भरलं की मग भुकटीत घाला."

"किती पाणी?"

"लागेल तेवढं."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"ते माझ्या हाताला ठाऊक, मला नाही."

तिसरा घाणा शनिवारी सकाळी लागला. मी जगमधून पाणी ओतायची, तो जग माझ्या हातातून घेऊन काट्यावर ठेवायचा, आकडा लिहायचा आणि जग परत द्यायचा. ओतलं, तोललं, लिहिलं... दर खेपेला बोटांना बोटं लागत होती. हातमोजे होते म्हणा, पण तरी!

"कागदावर लिहिलेल्या मापापेक्षा पावपट जास्त झालं," तो घाबरून म्हणाला.

"मग कागदाला सांगा प्लेटा भरायला."

त्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि कागदाची घडी करून खिशात घातली. "ओता."

ऍसिड पडलं, पेस्ट तापली, वाफ उठली. मी चिमूट त्याच्या बोटांत दिली. "दाबा. कानाच्या पाळीसारखी लागायला हवी."

"कुणाच्या?"

"स्वतःच्या!"

पण बघत होता माझ्याच कानाकडे, मेला.

दोन दिवस प्लेटा दमट खोलीत मुरल्या. सोमवारी मामांनी दार उघडलं, एक प्लेट उजेडात धरली, उलटीपालटी केली, टेबलावर आपटलीसुद्धा. एक तडा नाही! बायकांनी टाळ्या पिटल्या. गाडी रिकामीच परत गेली.

मग टेस्ट सुरू झाली – बॅटरी अर्धी उतरवायची, भरायची, पुन्हा उतरवायची. मी रोज काही ना काही निमित्त काढून आकडा बघून यायची. जुन्या प्लेटांच्या बॅटरीनं सहाशेव्या फेरीला मान टाकली. आमची? नऊशेच्या पुढे, आणि अजून दम होता! त्या दुपारी तो धावतच मिक्सरपाशी आला.

"लॅबनं कळवलंय, मी इथेच राहायचं! पुढचे सगळे घाणे इथेच होणार. आणि... मला मामांशी बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल..." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... आधी वडीलधाऱ्यांना विचारलेलं बरं, म्हणून..."

"लग्न मामांशी करायचंय का? मग मला विचारा की आधी!"

तो सरळ उभा राहिला. "कराल माझ्याशी लग्न?"

मिक्सर घरघरत होता, बायकांचे हात थांबले होते, आणि मामा मागे कधी येऊन उभे राहिले तेही कळलं नाही.

"हो!" मी म्हणाले, इतक्या मोठ्यानं की पॅकिंगच्या खोलीतूनही माणसं बाहेर आली.

मामांना विचारायचं तेवढं राहूनच गेलं.