न ऐकता दिलेला होकार

थोरलीला मिळणार होती छापखान्यातली सुपरवायझरची खुर्ची, काचेची केबिन आणि केबिनमधला फोन. खुर्ची-केबिनला तिची ना नव्हती. घोडं पेंड खात होतं ते फोनपाशी.

कान ठणठणीत होते. डॉक्टरांच्या मते आवाज आत पोचत होता, मेंदूला त्याचे शब्द लावता येत नव्हते. मशीन सुरू झाली की माणसांचं बोलणं तिला कागदाच्या लगद्यासारखं एकजीव ऐकू यायचं. मग ती ओठ बघायची. तेही दिसले नाहीत तर हसून "हो" म्हणायची. या सवयीपायी तिने जादा पाळ्या केल्या होत्या, आणि एकदा तर मशीनवाल्याच्या मेहुण्याचं स्थळ पसंत करून बसली होती.

घरचे फोन धाकटी बहीण घ्यायची.

"ताई, माझं लग्न झाल्यावर काय करशील गं?"

"तुझ्या नवऱ्यालाही इथेच ठेवून घेईन."

एका सकाळी कटिंग मशीनमागून कुणीतरी काहीतरी विचारलं. लांबलचक होतं, शेवटी सूर चढला, म्हणजे प्रश्नच. थोरली हसून "हो" म्हणाली. मग वाकून पाहिलं. मागे नुसती भिंत.

दुपारपासून शब्द सुटे सुटे ऐकू येऊ लागले. मशीनच्या धडधडीत गोदामातली कुजबुजसुद्धा. तिने फोन उचलला, ऑर्डर बिनचूक घेतली.

"बाई, इतकी वर्षं सोंग घेतलं होतं की काय?" मालक म्हणाले, आणि खुर्ची दिली.

पुढे एकदा मशीनवाला म्हणाला, "तुमची बहीण डबा ठेवून गेली. मागे येऊन उभी राहिली तरी चाहूल नाही. दचकलो ना मी!"

मग धाकटीच्या चपला वाजेनाशा झाल्या. फोनवर ती बोलायची, पलीकडचे "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचे.

"लाइन खराब आहे," ती म्हणाली. थोरलीला ते ओठांवरून कळलं.

रविवारी थोरली ओट्याशी भांडी घासत होती. वरच्या मजल्यावरचं घड्याळसुद्धा स्वच्छ ऐकू येत होतं. तिने सहज मागे पाहिलं.

स्टूल आडवं. बरणीच्या काचा. त्यात धाकटी.

रक्त कडेने सुकायला लागलं होतं.

ओठ अजून हलत होते : ताई, ताई.

होकार थोरलीचा होता. भरलं धाकटीनं.