गोळी उतरेपर्यंत

लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस चुकीच्या रांगेत उभा राहिला आणि औषधाच्या चाचणीत दाखल झाला. चूक त्याच्या लक्षात आली होती. पण तोवर रक्त घेणारीने त्याची बाही वर सरकवली होती.

“भीती वाटतेय?” तिनं विचारलं.

“छे. विजेचे झटके खाल्लेत मी.”

सुई पाहून तो पांढराफटक पडला. तिनं ओठ दाबून हसू आवरलं... आणि मनातून त्याच्यावर पार भाळली.

चाचणी साधी होती. पहिल्या खेपेला नुसती झोपेची गोळी. दुसऱ्या खेपेला तिच्या जोडीला नायट्यावरची गोळी. ही दुसरी गोळी यकृताचे हात बांधून ठेवते. मग झोपेची गोळी शरीरातून लवकर निघत नाही, चिकट पाहुण्यासारखी ठाण मांडून बसते.

पहिल्या खेपेला तो डुलकी काढून उठला आणि तिला लिफ्टच्या दोरांविषयी बरंच सांगून गेला. दुसऱ्या खेपेला दोन्ही गोळ्या घेऊन आडवा झाला, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, “तुम्ही मला फार... लग्न कराल माझ्याशी—” आणि घोरू लागला.

तिच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. पण या गोळीवर बोललेलं माणूस विसरतो. शिवाय अमलाखाली दिलेला शब्द धरायचा नाही, हे तीच रोज सगळ्यांना बजावायची.

“हो म्हणून टाका की,” शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले.

“काका, मघाशी तुम्ही सलाईनच्या स्टँडला मागणी घातलीत.”

“मग? काय म्हणाला तो?”

ती गोळी उतरायची वाट बघत थांबली. दर फेरीला रक्त घ्यायची आणि शुद्ध तपासायला म्हणायची, “शंभरातून सात-सात वजा करा.”

“त्र्याण्णव...” पुन्हा घोरणं.

दुपार सरली. गोळीबरोबर मागणीही उतरली तर? एखाद्याच्या यकृताची इतकी काळजी आजवर कुणी केली नसेल.

संध्याकाळी तो न चुकता थेट दोनापर्यंत आला.

“आता घरी जा,” ती कोरडेपणानं म्हणाली.

तो खाटेची कड धरून बसून राहिला. “एक विचारू? चहा घ्याल माझ्याबरोबर?”

“लग्नावरून थेट चहावर?”

“लग्न?” त्याचे कान लाल झाले. “मी म्हणालो? ...मग तुम्ही काय म्हणालात?”

“तुम्ही घोरत होतात.”

तो उठून उभा राहिला, जरासा डुलला, सावरला.

“आता पूर्ण जागा आहे मी. विचारतोय.”

“आधी चहा,” ती म्हणाली, आणि त्याचा हात धरला. या वेळी नाडी बघायला नाही.