कोरडं ठेवलेलं तळं

जमिनीखाली भरपूर पाणी होते, पंप धडधाकट होता आणि सौरपट्ट्यांवर (उन्हापासून वीज तयार करणाऱ्या पट्ट्यांवर) ऊन नुसते बरसत होते. तरीही तळे ठणठणीत कोरडे! झांबियातल्या लुसांगे अभयारण्यात आल्या आल्या शर्वाणीला हे कोडे पडले. सुट्टीसाठी ती सोलापूरहून उल्काआत्याकडे आली होती. आत्या इथली वन्यजीवशास्त्रज्ञ.

आत्याला विचारायला हवे होते. पण आत्या दूरच्या फेरीवर गेली होती, आणि शर्वाणीच्या घरी तर उन्हाळा लागला की चिमण्यांसाठी गच्चीवर पाण्याचे भांडे ठेवत. तहानलेल्याला पाणी द्यायचे, त्यात विचारायचे काय? तिने पंपाची कळ दाबली.

"आत्याला कळवू का?" टिटवीने विचारले. टिटवी म्हणजे आत्याचा उडता यंत्रमानव. पक्ष्याएवढा आणि फटकळ.

"नको, गंमत दाखवायचीय तिला."

"तुझ्या गमतीची मला आत्ताच भीती वाटतेय."

काही दिवसांनी आत्या परतली तेव्हा तळे भरले होते. काठावर झेब्र्यांची झुंबड उडाली होती. "आत्या, बघ ना! केवढे आलेत!" शर्वाणी नाचतच सामोरी गेली.

आत्याने आधी काठावरच्या मातीकडे पाहिले. तिच्यासोबतचे वनरक्षक चिलेशेकाका उकिडवे बसून मातीतले ठसे न्याहाळू लागले. ते बेम्बा भाषेत काहीतरी म्हणाले. टिटवीने लगेच मराठीत सांगितले, "सिंहिणींचे ठसे. ताजे."

"झेब्रे जातात तिथं त्या मागोमाग येतातच," आत्या म्हणाली.

"पण सिंहांनाही भूक लागतेच की!"

"लागते. नदीकाठी त्यांना शिकार पुष्कळ आहे. इथं मात्र रोनचं पाडस आहे."

रोन म्हणजे घोड्याएवढे, लांब कानांचे हरीण. लुसांगेत ती मोजकीच उरली होती. आई चरायला गेली की पाडस उंच गवतात निपचित पडून राहते. सिंहिणीला दिसत नाही. पण झेब्र्यांनी तळ्याभोवतीचे गवत पार खुरटे करून टाकले होते. उंच गवताचा एकच तुकडा शिल्लक होता, आणि पाडस त्यातच होते.

"मग रोनला पाणी नको?"

"हवं ना. टेकडीखाली बारीकसा झरा आहे. रोनच्या कळपाला तो पुरतो, झेब्र्यांच्या कळपाला नाही. म्हणून झेब्रे नदीकडे राहतात आणि सिंहही तिकडेच. पाणी कमी असणं हेच रोनचं कुंपण. आपण ते मोडलं. याला अधिवास व्यवस्थापन (प्राण्यांच्या राहण्याच्या जागेची काळजी घेणं) म्हणतात. कधी काही द्यावं लागतं, कधी हात आवरावा लागतो."

शर्वाणीने गवताच्या त्या तुकड्याकडे पाहिले. "ते... ते वाचेल ना?"

"पंप बंद कर. तळ्याचं बूच काढायचंय. चल."

चिलेशेकाका बंदूक घेऊन पुढे, मागे शर्वाणी. तिने चिखलात हात घालून बूच ओढले. ते हलेना. काकांनी तिच्या हातांवर हात ठेवला, दोघांनी मिळून हिसका दिला आणि पाणी घोंघावत नाल्यात निघाले. झेब्रे रागावल्यासारखे फुरफुरले.

"म्हणतायत, आत्ता तर बोलावलंत!" टिटवी म्हणाली.

"काका, तुम्ही मला रागावलात कसे नाही?"

टिटवीने त्यांचे उत्तर सांगितले, "प्राण्यांवर माया आधीपासून असली की बाकीचं शिकवता येतं."

ऊन कलले तसे झेब्रे नदीकडे चालू लागले. त्यांच्या मागे, दूरवर, सिंहिणींच्या तपकिरी पाठी सरकताना दिसल्या. पण गवतात हालचाल नव्हती. शर्वाणी आत्याच्या गाडीत बसून तिकडे टक लावून पाहत होती. शेवटी टेकडीकडून रोनची आई आली आणि हलकेच हुंकारली.

गवत थरथरले. दोन लांब कान वर आले, मग डळमळते पाय. पाडस थेट आईच्या पोटाशी जाऊन लुचू लागले.

चिलेशेकाकांनी तळहात किंचित पोकळ करून हळुवार टाळी वाजवली, आवाज जेमतेम होईल इतकी. "इथं आभार असे मानतात," आत्या कुजबुजली.

"कोणाचे?"

"त्यांनाच विचार."

काकांनी गवताकडे बोट दाखवले, मग आईकडे, मग शर्वाणीच्या चिखलाने माखलेल्या हातांकडे.

पुढच्या वर्षी इथे आणखी पाडसे असतील, असे शर्वाणीला वाटले. तिने तळहात पोकळ केले आणि गवताकडे पाहत, पाडस दचकणार नाही अशी टाळी वाजवली.