अण्णांच्या तळव्याचा फोटो

पटत नसेल तर इथंच सोडा. पण जे लिहितेय ते माझ्या माहेरी, हिर्डोशीत, मागच्या हिवाळ्यात घडलंय. खोटं सांगून मला काय मिळणार?

अण्णा माझे वडील. कुंडलिक. साखरेच्या आजारानं त्यांचे पाय पार बधिर केले होते. काटा रुतला तरी कळायचं नाही. उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला, नंतर टाचेला जखम झाली.

एका आरोग्य प्रकल्पातल्या लोकांनी आईच्या मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं. रोज तळव्याचा फोटो पाठवायचा. तिकडं मशीन तो तपासायचं आणि जखम भरतेय की वाढतेय ते सांगायचं. वर्षभरात त्याला अण्णांचा तळवा पाठ झाला होता. मेसेज मला शिवऱ्याला, सासरीही यायचा.

अण्णांना वाकता येत नव्हतं. फोटो आईच काढायची.

"जल्मात कदी माझ्या तोंडाचा फोटो काढला न्हाई, आन आता तळव्याचा काढतीया!" अण्णा हसायचे.

एक दिवस छातीत कळ आली आणि अण्णा गेले.

टाचेची जखम ओलीच होती. आईला त्याचंच लागून राहिलं.

"सुलक्षणा, ह्यांचा पाय आता बरा झाला असंल ना गं?"

मी तिला जवळ घेतलं. नुसतं रडू येत होतं.

आमच्याकडं माणूस गेला त्या जागी दिवा लावतात. भोवती पीठ पसरून वर पाटी पालथी घालतात. सकाळी पिठात कुणाचं पाऊल उमटलंय ते बघायचं; गेलेला माणूस त्याच जन्माला गेला म्हणतात, काहीच नसलं तर सुटला.

सकाळी हनुमंतकाकांनी पाटी उचलली...

काहीच नव्हतं. पीठ जसंच्या तसं.

"सुटला कुंडलिक," काका म्हणाले. आईनं हात जोडले.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला.

'आजचा फोटो मिळाला.'

आईचा मोबाईल तर फडताळात बंद पडला होता. चार्जिंगच नव्हतं.

मी फोटो उघडला...

तळवा. अंगठा नसलेला.

बोटांपासून टाचेपर्यंत पांढरा. पीठ लागलेला.

खाली लिहिलं होतं, 'जखम वाढली आहे. चालणं बंद करा.'

अंगणात जाऊन प्रकल्पाच्या श्रीपाद सरांना फोन लावला.

"फोटो तुमच्या आईंच्याच मोबाईलवरून आलाय," ते म्हणाले. "आणि मशीन म्हणतंय, पाय त्यांचाच आहे."

तेराव्याला आम्ही चप्पल दान केली. वाटेत पाय पोळू नयेत म्हणून करतात ना, तसं. आईनं हट्टानं मऊ तळाची घ्यायला लावली.

तरी फोटो येतातच. कधी तळव्याला तांबडी माती, कधी ओलं गवत. जखम पार आत गेलीय. फोटो कोण काढतं, देव जाणे.

आई आता माझ्याजवळच असते. तिला फोटो दाखवत नाही. सकाळी उठली की विचारते,

"मशीन काय म्हनतंय गं?"

"भरत आलीय आई. थोडीच राहिलीय."

मग ती चहा घेते.

आत्ताच मेसेज आलाय. अजून उघडला नाही. आई समोर बसून माझ्या तोंडाकडं बघतेय.

अण्णा, पाया पडते तुमच्या... बसा हो जरा कुठंतरी.