श्रावणची तिसरी ट्रायल

बसा असे, कंदिलाजवळ. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी गाड्यांचा विषय काढत नाही.

अमरावतीला मी मोटार तपासनीस होतो. लायसन मागणाऱ्याच्या शेजारी बसायचं, त्याची ट्रायल घ्यायची, मग सही करायची किंवा नाही करायची, हे माझं काम. ड्रायव्हर कसा असावा याबद्दल माझी मतं पक्की होती. पाटीवर वीस मैल लिहिलंय म्हणून वीसनेच रांगणारा माणूस मला आवडत नसे. रस्ता मोकळा दिसला की गाडी सोडावी. सुसाट पळवणाऱ्यापेक्षा भित्रा ड्रायव्हर वाईट, असं मी चारचौघांत ठासून सांगायचो.

बासष्ट सालचा मार्गशीर्ष. श्रावण नावाचा तिशीतला माणूस तिसऱ्यांदा ट्रायलला आला. पंचायत समितीत जीपवर ड्रायव्हरची जागा निघाली होती. लायसन मिळालं असतं तर त्याची मजुरी सुटली असती. घरी आई आणि दोन लहान लेकरं. हात चांगला होता त्याचा. गिअर टाकला की कळायचंही नाही. पण दोन्ही वेळा वलगावच्या पुढे, नाल्यावरच्या एका मोरीपाशी, समोर काही नसताना त्याने भररस्त्यात गाडी थांबवली होती. दोन्ही वेळा मी 'घाबरट' असा शेरा मारला होता.

"जयभीम, साहेब."

"आज मधेच थांबणार नाहीस ना?"

भाड्याने आणलेली जुनी हिंदुस्तान गाडी त्याने अलगद रस्त्यावर घेतली. त्याचा नंबर नेहमीसारखा शेवटचा, त्यामुळे निघेपर्यंत उन्हं कलली होती.

वलगाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळं रान, मधूनमधून पांढरं. कापसाची एक बैलबंडी करकरत गेली, तिच्यामागे धूळ बराच वेळ तरंगत राहिली. मग रस्त्यावर कोणीच नाही. कुठल्यातरी चुलीच्या धुराचा वास येत होता, पण गाव दिसत नव्हतं. काटा पंचवीसवर होता. मोरी दिसू लागली तसा तो वीस झाला, पंधरा झाला, आणि श्रावणने उजवा हात खिडकीबाहेर काढून गाडी थांबवली.

इंजिन घुरघुरत होतं. तो समोर बघत होता, डावीकडून उजवीकडे, सावकाश. त्याचे ओठ हलत होते.

"श्रावण... कोणाला वाट देतोस?"

"बायायले, साहेब. वेचणीहून येऊन राहिल्या."

समोर धूळ होती आणि रस्ता. मला राग आला, आणि मानेवर काहीतरी सरकल्यासारखंही झालं.

"कुठल्या बाया?"

"परसालच्या." तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "इथंच ट्रक घुसला त्यायच्यात. नऊ जणी होत्या. माही बायको, मैना, त्यायच्यात होती. ट्रकवाला थांबला नाही... मंग धरला त्याले. पोरगाच होता. लायसन होतं त्याच्यापाशी." थोडा थांबून म्हणाला, "सही तुमचीच होती म्हने."

मला तो पोरगा लगेच आठवला. एका बड्या माणसाची चिठ्ठी घेऊन आला होता. मी त्याला गाडीत बसवलंच नव्हतं. कचेरीतच चहा झाला आणि सही झाली.

हे ऐकून माणसाने मान खाली घालायला हवी. मी ओरडलो. खरं सांगतो, लाज वाटली की माझा आवाज चढायचा.

"सरक! उठ तिथून! गाडी कशी चालवतात ते मी दाखवतो तुला."

मी उतरलो तसा तो माझ्या जागेवर सरकला. मी फिरून स्टिअरिंगवर बसलो. त्याने माझं मनगट धरलं. हात गार होता त्याचा.

"साहेब, थांबा... एक रायली. मैना मांगंच रायते..."

मी अॅक्सिलरेटर दाबला.

धक्का मोठा नव्हता. कापसाचं गाठोडं चाकाखाली यावं, तसा मऊ. मागून एक आवाज आला, अगदी बारीक, श्वास आत घेतल्यासारखा. मी ब्रेक लावला.

श्रावण धावला. मी उतरून पाहिलं. रस्त्यावर काही नव्हतं. तो मात्र धुळीत गुडघे टेकून बसला होता, दोन्ही हात पुढे.

"दुसऱ्यांदा मारली तिले, साहेब," तो म्हणाला. एवढंच. रडला नाही.

मग त्याने रिकामे हात उचलले. वजन असल्यासारखा वाकून चालत आला, मला मागचं दार उघडायला लावलं, आणि हात आत नेऊन हलकेच सोडवून घेतले. गाडी मागून खाली बसली. स्प्रिंगा कुरकुरल्या. ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

परत त्यानेच चालवली. काटा पंधराच्या वर गेला नाही. अंधारून आलं. मागे वळून बघायची माझी छाती नव्हती. आरशात नुसती रिकामी सीट होती, आणि गाडीत कापसाच्या पऱ्हाटीचा, घामाचा वास भरला होता.

"कुठं... कुठं न्यायचं?" मी विचारलं.

"थे सांगून राहिली."

गावात शिरल्यावर मला वाटलं, तो दवाखान्याकडे वळेल. नाही वळला. आपल्या वस्तीकडेही वळला नाही. एकेक वळण ओळखीचं येऊ लागलं. गाडी माझ्या घरापुढे थांबली. मी त्याला पत्ता कधीच सांगितला नव्हता.

त्याने उतरून मागचं दार उघडलं. गाडी वर उचलली गेली.

"जातो मी, साहेब," तो म्हणाला. जाताना माझ्या दाराकडे असा पाहत होता, की मला त्याच्याकडे बघवेना.

मी कडी वाजवायच्या आधीच शकुनने, माझ्या बायकोने, दार उघडलं. हातात रॉकेलची चिमणी होती. पदर सावरून ती भिंतीकडे सरकली, कोणाला तरी आधी आत जाऊ देण्यासाठी. मग मी.

"कोण आलं?" मी विचारलं.

"कोन येते? तुमीच तं आले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी श्रावणच्या कागदावर सही केली. तो जीपवर लागला. अजून चालवतो. हळू चालवतो म्हणून साहेब लोक त्याच्यावर चिडतात, असं ऐकतो. माझी अकोल्याला बदली झाली. ट्रायली घेण्याच्या कामातून मी स्वतःहून सुटका मागून घेतली. स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. त्या संध्याकाळचं, मैनाचं, मी शकुनजवळ एक अक्षर काढलेलं नाही. आजपर्यंत नाही.

मागच्या महिन्यात दिवेलागणीला घरी आलो. स्वयंपाकघरात शकुन जमिनीवर बसली होती, तेलाची वाटी घेऊन. कोणाशी तरी हळू बोलत होती.

"हलू नको वं... काटा खोल गेला हाय. तेलानं येईल वरते."

मी दारात थबकलो. तिच्यासमोर कोणीच नव्हतं. मग आत पाऊल टाकलं. शकुनने दचकून हात आडवा धरला.

"बाजूनं या ना... पाय पडन तुमचा तिच्यावर."